सही, किल्ली आणि परवलीचा शब्द : आरोग्यसेविकांच्या डिजिटल ओळखीचा भाषिक विचार

'माझा पासवर्ड टाकून तेवढी नोंद करून टाक' या वाक्याने आज कोणाचे कान टवकारत नाहीत. 'माझी सही तूच ठोक' या वाक्याने मात्र टवकारतात. दोन्हींत व्यवहार एकच आहे. माझ्या नावावर दुसऱ्याने केलेली नोंद. मग पहिले वाक्य मदतीचे आणि दुसरे लबाडीचे का वाटावे? माझ्या मते याचे उत्तर यंत्रात कमी आणि भाषेत अधिक आहे. पासवर्ड हा शब्द आपल्याकडे आला आणि आपल्या मनात किल्लीच्या जागी जाऊन बसला. किल्ली शेजारणीकडे ठेवता येते, उंबऱ्यावरच्या कोनाड्यात ठेवता येते, गावाला जाताना जावेच्या हाती देता येते. सही अशी कोणाकडे ठेवता येत नाही. पासवर्ड जर आरंभापासून सहीच्या जागी बसला असता, तर आपले वागणे वेगळे झाले असते, असे मला वाटते.

हा प्रश्न मी प्रस्तुत लेखात आरोग्यसेवेच्या संदर्भात तपासणार आहे आणि तो तपासताना उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले गुंद आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवणार आहे. हा मुलूख निवडण्याचे कारण भाषिक आहे. 1862 पासून 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता, नंतर तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तालुक्याचे जुने ठाणे सुपे काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. रान दाट, वस्ती विरळ. चार घरांचा वाडा, मग बरेच रान, मग पुन्हा चार घरे. इथल्या माणसाच्या घरात कोकणी असते, शाळेत आणि कचेरीत कन्नड, भजनात आणि जुन्या कागदांत मराठी, आणि हातातल्या फोनच्या पडद्यावर बहुतेक वेळा इंग्रजी. एका माणसाला दिवसभरात चार भाषांत 'मी कोण' हे सांगावे लागते. आरोग्यसेविका आणि आशाताई यांना ते यंत्रालाही सांगावे लागते, आणि तेही दुसऱ्यांच्या वतीने.

यंत्र त्यांना काय विचारते ते आधी पाहू. वर वर एकच प्रश्न दिसतो, पण त्यात चार प्रश्न दडलेले असतात. तू कोण? तूच ती कशावरून? तुला काय काय पाहण्याचा आणि लिहिण्याचा हक्क आहे? आणि तू आज काय केलेस? पहिल्याला ओळख म्हणावे, दुसऱ्याला खातरजमा, तिसऱ्याला अधिकार आणि चौथ्याला नोंद. 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने आणि तिथून पुढच्या शासकीय मराठीने दुसऱ्या प्रश्नासाठी 'अधिप्रमाणन' असा शब्द रुळवला. शब्द चुकीचा नाही. फक्त तो उपकेंद्रावरच्या कोणत्याही बाईच्या तोंडी यायचा नाही, आणि जो शब्द तोंडी येत नाही त्याने वागणे बदलत नाही. 'खातरजमा' हा शब्द तिला ठाऊक आहे. लस देताना ती रोज खातरजमा करते. बाटली कोणती, तारीख कोणती, बाळ कोणाचे.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेने हे चार प्रश्न अलीकडे औपचारिकपणे मांडले आहेत. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. त्यात रुग्णाला 14 अंकी क्रमांक मिळतो, त्याचे नाव 'आभा'. डॉक्टर-परिचारिकांची एक वेगळी नोंदवही आहे आणि दवाखान्यांची तिसरी. कल्पना अशी की, रुग्णाचे कागद एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना कोण मागतो आहे, तो खरोखर आरोग्यसेवक आहे का आणि रुग्णाने संमती दिली आहे का, हे तिन्ही तपासता यावे. कल्पना चांगली आहे. आधार, आशा, आभा अशी सुंदर नावे ठेवणाऱ्या या व्यवस्थेच्या पोटात मात्र 'इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स' अशी वाक्ये भरलेली आहेत. दारावर तोरण आणि आत दुसऱ्याच मुलखातला पहारेकरी.

विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी तो संगणकापासून सुरू करीत नाही, मोडी कागदापासून करते. शिवकालीन पत्र घ्या. माथ्यावर राजमुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी दुसरी, छोटी मुद्रा. पहिली मुद्रा सांगते, बोलणारा कोण. दुसरी सांगते, त्याचे बोलणे इथे संपले. याच्या खाली कोणी ओळ वाढवली तर ती त्याची नव्हे. मजकूर लांबला आणि कागदाचे बंद एकमेकांना डकवावे लागले, तर सांध्यावर मागून शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद कोणाला बदलता येऊ नये. पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सूद' असे. आपण आज 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणतो तेव्हा त्या सगळ्या यंत्रणेची आठवण न ठेवता तिचा शब्द वापरीत असतो. ओळख पटवणे आणि मजकुरात फेरफार झालेला नाही याची हमी देणे, ही दोन कामे निरनिराळी आहेत, हे मराठी दप्तराला तीनशे वर्षांपूर्वी नीट कळलेले होते. संगणकातली डिजिटल सही ही दोन्ही कामे एकत्र करते. गणित नवे आहे, गरज जुनी आहे.

याहून मला मोलाची वाटते ती 'निशाणी'. गावच्या महजरावर ज्यांना लिहिता येत नसे ते आपापली निशाणी करीत. कुणबी पाटलाची नांगर, वाण्याची तागडी, मराठा सरदाराची कट्यार. ही निशाणी माणसाचे व्यक्तिगत चिन्ह नव्हती, ती त्याच्या कामाचे चिन्ह होती. तो गावसभेत कोणत्या नात्याने बसला आहे हे ती सांगे. आजच्या संगणकशास्त्रात भूमिकेनुसार अधिकार देण्याची जी पद्धत आहे, म्हणजे औषधे देणाऱ्याला औषधांचे पान उघडेल पण प्रयोगशाळेचे नाही, तिची मुळे अशा व्यवहारात पाहता येतात. अर्थात सादृश्य ताणू नये. नांगराची निशाणी जन्माने हाती येत होती आणि जातीच्या पायरीशी बांधलेली होती; आजच्या भूमिका नेमणुकीने येतात आणि नेमणुकीबरोबर जायला हव्यात. त्या खरोखर जातात का, याकडे लेखाच्या शेवटी येऊ.

निशाणीनंतर आला अंगठा. बंगालात जंगीपूर येथे 1858 साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तिथून बोटांच्या ठशांची आधुनिक कथा सुरू होते असे सांगतात. मराठीत या अंगठ्याचे काय झाले पाहा. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण निरक्षराला हिणवायला वापरला. प्रौढशिक्षणाचे सगळे अभियान 'अंगठा सोडा, सही शिका' या दिशेने चालले. आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले, तेव्हापासून तोच अंगठा ओळखीचा सर्वांत पक्का पुरावा ठरला. ज्यांनी कष्टाने सही शिकली त्यांना रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठा टेकवावा लागला. भाषेच्या इतिहासात एखाद्या शब्दाची प्रतिष्ठा इतक्या वेगाने उलटल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. त्यात विसंगती अशी की, शेतात, भांड्यांत, चुन्या-मातीत राबणाऱ्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. कष्ट करणाऱ्याची ओळख यंत्राला सर्वांत उशिरा पटते.

आता 'ओळख' या शब्दाकडे येऊ. मराठीत ओळख म्हणजे परिचय, ओळख म्हणजे वशिला, आणि ओळख म्हणजे 'मी कोण' याचे उत्तरही. 'ओळखीने काम झाले' यात कौतुक आणि कुरकुर दोन्ही असते. गुंदसारख्या गावात आशाताई बाईला ओळखते ती घरावरून, वाड्यावरून, माहेरावरून. एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या तीन बाया असल्या तरी तिचा गोंधळ होत नाही. यंत्राचा होतो, म्हणून तर 14 आकडे. वेळीप हे या भागातले आडनाव घ्या. मराठी-कोकणीत ते एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत गेले की कोणी एक स्वर लावतो, कोणी दोन, कन्नड वळणाने शेवटी आणखी एक 'अ' चिकटतो. तीन कागदांवर तीन नावे होतात आणि यंत्र म्हणते, ही व्यक्ती ती नव्हे.

मराठी नावाच्या रचनेचा फटका तर थेट आरोग्यसेविकेलाच बसतो. आपल्याकडे बाईचे नाव लग्नाआधी वडिलांच्या नावासह असते आणि लग्नानंतर नवऱ्याच्या. आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. परिचारिकेचे शिक्षण माहेरच्या नावावर, परिषदेची नोंदणी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, पगार तिसऱ्याच लघुरूपावर. कागदी व्यवहारात 'उर्फ' लिहून किंवा राजपत्रात नाव बदलल्याचे छापून आणून भागत होते. संगणकाला 'उर्फ' हा शब्द कळत नाही. डिजिटल नोंदणीत अडकलेल्या स्त्रियांच्या हकिगती मी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींचे म्हणणे एकच होते. तंत्र जमले, नाव जमले नाही. स्त्रीचे नाव तिच्या हयातीत बदलते हे गृहीत धरून बांधलेली व्यवस्थाच आपल्या समाजाला उपयोगी पडेल. ते गृहीत धरायला लावणे हे समाजशास्त्राइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.

पडद्यावरच्या मराठीबद्दल दोन उदाहरणे देते. वर्गात वापरायला ती चांगली आहेत. 'सेशन एक्स्पायर्ड' या संदेशाचे सरळ भाषांतर होते 'सत्र संपले'. आरोग्यसेविकेच्या बोलीत सत्र म्हणजे लसीकरणाचे सत्र. दुपारी बारा वाजता, समोर बाया बाळे घेऊन बसलेल्या असताना, पडद्यावर 'आपले सत्र संपले आहे' असे आले तर तिने काय समजावे? लस द्यायची की थांबवायची? यंत्राला एवढेच म्हणायचे असते की बराच वेळ काही हालचाल झाली नाही म्हणून मी दार लावून घेतले, पुन्हा ओळख पटवा. दुसरे उदाहरण 'आरोग्य खाते'. मराठी माणसाला आरोग्य खाते म्हणजे सरकारचा आरोग्य विभाग. 'तुमचे आरोग्य खाते उघडा' या वाक्याने बँकेचे पासबुक आठवते, नाहीतर मंत्रालय. रुग्णाच्या कागदांची जोडणी आठवत नाही. याला मी भाषांतराचा दोष म्हणणार नाही. शब्द ज्या घरात जायचा आहे त्या घरात तो आधीपासून कोणत्या अर्थाने नांदतो आहे, ते न विचारल्याचा हा परिणाम आहे. आणखी एक लहान गोष्ट. आशा आणि आरोग्यसेविका या सगळ्या स्त्रिया असूनही पडद्यावर त्या 'वापरकर्ता' असतात. गावात ताई, दवाखान्यात सिस्टर, पडद्यावर वापरकर्ता.

पासवर्ड वाटून घेण्याच्या सवयीकडे आता वळते. सुरक्षिततेचे प्रशिक्षण देणारे तिला बहुधा निष्काळजीपणा म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका उपकेंद्रात फोनला रेंज नव्हती. ओटीपी येण्यासाठी चढ चढून वर जावे लागे. मग एकीने वर जायचे, आकडा कागदावर लिहून आणायचा, तोवर त्याची मुदत सरलेली. शेवटी जिचे लॉगिन चालू असेल तिच्यावर सगळ्यांच्या नोंदी, असा तोडगा निघाला. त्यात आळस नव्हता, काम अडू नये ही धडपड होती. हे केवळ रानातच घडते असेही नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत कर्मचाऱ्यांना चिप बसवलेली कार्डे दिली गेली, तेव्हा तातडीच्या विभागात प्रत्येकाने कार्ड घालून आत जाण्यात मिनिटभर जाऊ लागला आणि एका रुग्णालयात एकाच कार्डावर पाळीभर काम चालवले गेले; 2007 साली त्याची बरीच चर्चा झाली. रक्त वाहत असलेल्या माणसासमोर मिनिट मोठे असते.

तेव्हा उपाय उपदेशात शोधू नये. वेळेवर आधारलेला आकडा फोनच्या आतच तयार करणारी सोय आहे. तिला रेंज लागत नाही. बोटाचा ठसा फोनमध्येच तपासला जातो आणि बाहेर कुठे पाठवला जात नाही, अशीही पद्धत आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती केली की लोक भिंतीवर चिठ्ठी चिकटवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 सालच्या मार्गदर्शनात ही सक्ती नको असेच म्हटले आणि चिन्हांच्या खिचडीपेक्षा लांबी महत्त्वाची मानली. इथे आपल्या भाषेचा फायदा आहे. जिच्या तोंडी शेकडो ओव्या, म्हणी, उखाणे आहेत तिला चार असंबद्ध शब्दांची लांब ओळ लक्षात ठेवणे जड नाही. शब्द मात्र तिच्या मनातले हवेत, तिच्या मुलाचे नाव आणि जन्मसाल नको, कारण ते सगळ्या गावाला ठाऊक असते. 'परवलीचा शब्द' हा आपला जुना शब्द पहाऱ्यावरच्या शिपायांच्या व्यवहारातला आहे. तो चारचौघांत बोलायचा नसतो हे त्याच्या अर्थातच आहे. 'पासवर्ड' ऐवजी तो रुळवावा असा माझा हट्ट नाही. पण शिकवताना त्याचा उपयोग होतो.

हे सगळे कशासाठी? लहान गावात गुपित राखणे शहरापेक्षा अवघड असते. दवाखान्याच्या वहीत कोणाचे दिवस चुकले, कोणाला क्षय आहे, कोणाची कोणती तपासणी झाली हे लिहिलेले असते. वही कपाटात होती तेव्हा ती पाहायला कपाटापर्यंत यावे लागे. आता एका लॉगिनच्या मागे कित्येक गावांच्या वह्या असतात. आपल्याकडे म्हण आहे, ओळखीचा चोर जीवे न सोडी. वही उघडणारा बहुधा ओळखीचाच असतो. भाचा, दीर, औषध दुकानातला पोऱ्या. म्हणूनच कायदेही या बाबतीत कडक आहेत. एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा रुग्णाची माहिती उघड करण्यावर बंधन घालतो. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली स्त्रीचे नाव उघड न करण्याचे कलम आले. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि कायद्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेने वैद्यकीच्या शिष्याला बजावले होते की, रोग्याच्या घरात पाहिलेले बाहेर बोलू नये.

दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 रोजी संगणकांवर हल्ला झाला, पाच सर्व्हर निकामी झाले आणि कित्येक दिवस देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात केसपेपर हाताने लिहावे लागले. ती बातमी आपण सर्वांनी वाचली. गुंदच्या परिसरात होणारी हानी अशी बातमीत येणार नाही. एखादी मुलगी उपकेंद्रात यायचे बंद करील, एवढेच होईल. ती का येईनाशी झाली हे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. आशाताईने घरी जाऊन विचारले तरी ती सांगणार नाही, कारण तिच्या दृष्टीने आशाताईच्याच फोनमधून ते बाहेर गेलेले असते. 2005 पासून उभ्या राहिलेल्या आशा योजनेचे सगळे भांडवल म्हणजे ही घरोघरची ओळख. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. पण गावाची सगळ्यांत नाजूक माहिती तिच्या पदरात आहे. तिच्या नावावर दुसऱ्याने केलेली एक चुकीची नोंद तिला महाग पडते. आणि 'ते मी केले नाही' हे तिने सिद्ध करायचे कसे, जर तिचा पासवर्ड तिघींकडे असेल?

इथे सही आणि किल्लीचा फरक पुन्हा उपयोगी पडतो. मी आरोग्यसेविकांशी बोलताना 'पासवर्ड कोणाला देऊ नका' असे म्हणत नाही. ते त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. 'तुमच्या लॉगिनने इंजेक्शन दिल्याची नोंद झाली की कागदावर तुमची सही झाली' असे म्हणते. एक वयस्क सिस्टर त्यावर पटकन म्हणाली, 'मग तिकडे माझ्या कितीतरी सह्या अजून चालू असतील.' तिची बदली होऊन दोन वर्षे झाली होती आणि जुन्या ठिकाणचे लॉगिन कोणी बंद केले नव्हते.

बदलीच्या वेळी चार्ज देण्या-घेण्याचा आपल्याकडे मोठा विधी असतो. कपाटाच्या किल्ल्या किती, वह्या किती, खुर्च्या किती, थर्मामीटर किती, सगळे मोजून दोघींच्या सह्या. मी पाहिलेल्या चार्जच्या याद्यांत लॉगिनचा रकाना नव्हता. आमच्या महाविद्यालयातल्या भाषांतराच्या वर्गाला मी गेल्या वर्षी हेच काम दिले. त्या यादीत घालायची एक ओळ मराठीत, कोकणीत आणि कन्नडमध्ये लिहा, ती उपकेंद्रात वाचून दाखवली तर दुसऱ्यांदा विचारावे लागू नये. पहिल्या खेपेला 'प्रवेशाधिकार निष्क्रिय करण्यात यावेत' अशा वाक्यांचा ढीग आला. बऱ्याच खाडाखोडीनंतर मराठीत उरले ते असे : 'आजच्या तारखेपासून या केंद्रात माझ्या नावाने कोणतीही नोंद होऊ नये, माझे लॉगिन माझ्यासमोर बंद केले.' खाली तारीख, वेळ आणि दोघींच्या सह्या. कन्नड ओळीवर अजून वाद चालू आहे, कारण 'माझ्यासमोर' हा शब्द हवाच असे मुलींचे म्हणणे आहे आणि कार्यालयीन कन्नडमध्ये तो नीट बसत नाही.